दुर्लक्षाचा बारावा दिवस

लातूरच्या गंजगोलाईच्या अलीकडं गंगानं डाव्या पायातला बूट सोडला आणि मी गाडी थांबवली नाही. आरशात सगळं दिसलं होतं. शाळा सुटल्याची गर्दी, मागं भाजीचा टेम्पो, आणि माझ्या मागं बसलेली माझी सात वर्षांची पोरगी उजव्या पायानं डाव्या बुटाची टाच ढकलतेय, अगदी सावकाश, घाई नाही काही नाही. बूट पडला. तो कुठं पडला ते तिनं पाहिलंसुद्धा नाही. तिनं आरशात पाहिलं, माझ्याकडं. मी लगेच समोर नजर लावली, कारण तो माझ्या दुर्लक्षाचा दहावा दिवस होता आणि नऊ दिवस मी एकही मार्क घालवला नव्हता. मागून कुणीतरी ओरडलं, ओ सर, लेकराचा बूट पडला की! मी हात वर करून ‘असू द्या’ केलं, जणू आम्ही बापलेकीनं ठरवूनच टाकला होता. घरी ती एका पायात बूट, एका पायात मोजा अशी जिना चढली. वर अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, विचारलं, बूट कुठं गेला. मी म्हणालो, विचारू नका अप्पा, ते आमच्या कोर्समध्ये आहे. पण मला दुपारभर तो आरसा दिसत राहिला. पोरगी रडत नव्हती, हसतही नव्हती, नुसती बघत होती की आता काय होतंय. खरं सांगायचं तर मला माझ्या पोरीची भीती वाटते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगू तरी कुणाला, या गावात मला लोक सर म्हणतात.

मी एका क्लासमध्ये चाचणी परीक्षांचे पेपर काढतो. लातुरात हे काम करणारा माणूस काय बनतो ते बाहेरच्याला समजायचं नाही. जगातली कुठलीही गोष्ट समोर आली की आधी मनात वाटणी होते: हमखास येणारं, कधीमधी येणारं, आणि ऑप्शनला टाकायचं. देवळात कीर्तन ऐकतानासुद्धा माझं तेच चालतं. तर हा कोर्स. वागणूक बिघडलेल्या मुलांच्या आईवडलांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण, सहा रविवार, सकाळी दहा ते साडेअकरा. माझ्या बायकोनं, सुकन्यानं, आम्हा दोघांची नावं घातली. ती नांदेडला सरकारी दवाखान्यात नर्स आहे, पंधरा दिवसांतून एकदा लातूरला येते, म्हणून आम्ही नवराबायको पडद्यावर दोन वेगळ्या चौकटींत बसायचो आणि एकमेकांना शिकवणाऱ्या मॅडमच्या मार्फत बघायचो. नाव घालायचं कारण मार्च महिना. मार्चमध्ये गंगानं शाळेत एका पोराच्या हातात पेन्सिल खुपसली, बाईंनी मला बोलावून चारचौघांत ऐकवलं, आणि घरी येऊन मी तिच्या कानाखाली ठेवून दिली. ती पहिली नव्हती. पण त्या वेळी तिला दोन दिवस डाव्या कानानं ऐकू येईना. मी तिच्या मागं उभं राहून हळू आवाजात हाका मारून बघायचो, गंगा, गंगा, आणि ती आपली भिंतीवर रंगीत खडूनं चित्र काढत बसलेली. कान बरा झाला. सुकन्या आली, तिनं गंगाच्या कानात बॅटरी मारून पाहिलं, तिच्या अंगावरचे जुने वळ पाहिले, आणि बॅग भरता भरता एकच वाक्य बोलली. पुन्हा एकदा हात लागला तर पोरगी नांदेडला, आणि तुम्हाला दिसणार न्हाई. ती रागानं बोलली असती तर मी भांडलो असतो. ती पेशंटच्या नातेवाइकाला सांगतात तशा आवाजात बोलली.

तेव्हापासून मी माझ्या उजव्या हाताला भिऊन आहे. तो खिशात ठेवतो, मांडीखाली दाबून बसतो. पेपर तपासताना तो शहाण्यासारखा चालतो आणि मला वाटतं, अरे, हाच का तो. तिसऱ्या रविवारी मॅडमनी दुर्लक्ष शिकवलं तेव्हा मला हायसं वाटलं ते त्यामुळंच. मूल तुमचं लक्ष ओढण्यासाठी नाटक करत असेल तर तोंड फिरवा, बोलू नका, चेहऱ्यावर काही आणू नका, नाटक थांबलं की लगेच कौतुक करा. मी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. हे हमखास येणारं होतं. कंधारच्या एक महामायाताई आमच्या बॅचमध्ये होत्या, अंगणवाडीत काम करायच्या, त्यांनी विचारलं, मॅडम, लेकरू डोकं आपटून घ्यायलं, नाहीतर दुसऱ्याचं काही नुकसान करायलं, तवाबी तोंड फिरवायचं का? त्याच वेळी मला क्लासमधून फोन आला, उत्तरपत्रिकेच्या छपाईत घोळ झाला होता. मी आवाज बंद करून गॅलरीत गेलो. परत आलो तोवर मॅडमचं उत्तर संपलेलं आणि महामायाताई मान हलवत होत्या. मी मनात म्हटलं, एक प्रश्न गेला तर गेला. आणि अजून एक गोष्ट रोज करायची होती, मुलासोबत दहा मिनिटं जमिनीवर बसून खेळायचं, ते म्हणेल तसं. ते मी ऑप्शनला टाकलं. खेळायला मला येत नाही. ठोकळ्यांचं काय करायचं असतं, मोठ्या माणसानं.

म्हणजे मी निम्माच कोर्स केला, पण तो निम्मा असा केला की विचारू नका. आता नाटक कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे मला कळेना, म्हणून त्या बुधवारपासून मी आपला सगळीकडंच तोंड फिरवू लागलो. ती दूध सांडायची, मी कॅलेंडर बघायचो. ती दप्तर गॅलरीतून खाली टाकायची, मी खाली जाऊन दप्तर आणायचो, पण तिच्याकडं न बघता. तिनं शाळेतलं गाणं म्हणायला घेतलं तेव्हाही मी मोबाइलमध्ये डोकं घातलं, कारण मागच्या वेळी गाण्यातूनच किंचाळणं सुरू झालं होतं. एकदा ती वही घेऊन आली, एक पान पूर्ण सुंदर अक्षरात. मला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. मी म्हटलं, हं. ती तिथंच उभी राहिली. किती वेळ उभी होती मला माहीत नाही, मी मान वर केली नाही. मान वर केली आणि तिच्या डोळ्यांत ते बघणं असलं तर? माझा हात मांडीखालून निघाला तर? घरात आवाज कमी झाले. अप्पा म्हणाले, पोरगी सुधारली रे. सुकन्यानं फोनवर विचारलं, मारलं नाही ना, मी म्हणालो, मार्चपासून बोट नाही लावलं. हे सांगताना मला अभिमान वाटला. मात्र संध्याकाळी दिवा लागल्यावर ती हॉलच्या दारात येऊन उभी राहायची आणि माझ्या मानेवर, केसांच्या खाली, मला ते बघणं जाणवायचं. मी उठून पाणी प्यायला जायचो.

पाचव्या रविवारी, माझ्या दुर्लक्षाच्या बाराव्या दिवशी, प्रात्यक्षिक होतं. मुलाला समोर घेऊन दहा मिनिटं खेळायचं, कानात इअरफोन घालायचा, आणि मॅडम बघून आपल्या कानात सांगणार, आता हे बोला, आता गप्प राहा. मी हॉलमध्ये चटई टाकली, लॅपटॉप खुर्चीवर ठेवला. पडद्यावर सात चौकटी, त्यात सुकन्या, ड्यूटीवरून नुकतीच सुटलेली, केस विस्कटलेले, डोळे माझ्या हातावर. माझी बनियन घामानं पाठीला चिकटली होती. आतल्या खोलीत अप्पांची आंघोळ झाली होती. अप्पा म्हणजे मलप्पा गुरुजी, गंगाचे अज्जा, रेणापूरला छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेवर. त्यांचा रोजचा क्रम ठरलेला: आंघोळ, मग इन्सुलिनचं इंजेक्शन स्वतःच्या हातानं पोटात, मग गळ्यातल्या चांदीच्या डबीतून, म्हणजे करडगीतून, इष्टलिंग काढून तबकात ठेवायचं, डोळे मिटून विभूती लावायची, लिंग तळहातावर घेऊन पूजा, आणि मगच तोंडात घास. लिंगपूजेआधी ते पाण्याचा थेंब घेत नाहीत. माझी आई गेली त्या दिवशीसुद्धा आधी पूजा झाली. सुकन्या त्यांना दहा वेळा सांगून थकली, अप्पा, आधी पूजा करा मग सुई टोचा, सुई टोचल्यावर उपाशी राहाल तर साखर एकदम खाली जाईल. ते म्हणायचे, वीस मिनिटांत काय होतंय.

गंगा चटईवर येऊन बसली. नीट बसली, मांडी घालून, फ्रॉक गुडघ्यावर ओढून. मला तिचं ते शहाण्यासारखं बसणंच पटेना. मॅडम कानात म्हणाल्या, ती काय करते ते फक्त बोलून दाखवा. मी म्हणालो, गंगा लाल ठोकळा ठेवतेय. गंगा निळा ठोकळा ठेवतेय. माझा आवाज बसस्टँडवर गाडी सांगणाऱ्या बाईसारखा येत होता. मग गंगा पुढं सरकली, माझ्या मोकळ्या कानाशी तोंड आणलं, आणि एवढ्या हळू बोलली की लॅपटॉपला जाणं शक्य नव्हतं. पप्पा, मी अज्जाचं लिंग लपवलंय. आणि मी काय केलं? मी भिंतीकडं तोंड फिरवलं. मला वाटलं, आलं, नाटक आलं, हा तोच प्रश्न आहे, सगळ्यांच्या देखत आलाय, आता चुकायचं नाही. मॅडमनी विचारलं, काय म्हणाली ती? मी म्हणालो, काही नाही मॅडम, दुर्लक्ष करतोय. त्यांना वाटलं असेल, पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं असेल. त्या म्हणाल्या, छान. गंगानं पुन्हा सांगितलं, या वेळी माझी बाही धरून. लपवलंय, पप्पा. मी भिंतीवरच्या खिळ्याकडं बघत बसलो. तिनं ठोकळे लाथाडले, किंचाळली, चटई ओढली, आणि मी खिळ्याकडं बघत होतो, आणि आतून अप्पांची हाक आली, मन्मथ, अरे तबकातलं लिंग कुठं गेलं. ती हाकसुद्धा मी ऐकली न ऐकल्यासारखी केली. दहा मिनिटं संपली. मॅडम म्हणाल्या, खूप संयम ठेवलात. मग त्या महामायाताईंकडं वळल्या, आणि मी तिथंच बसून राहिलो, कारण उठलो तर गंगाला वाटलं असतं की जिंकले.

किती वेळ गेला? पुढं सुकन्यानं हिशेब करून सांगितलं, सुईपासून पंचावन्न मिनिटं. मला कळलं ते आतल्या शांततेवरून. अप्पा दुसऱ्यांदा हाक मारून थांबले होते. मी इअरफोन ओढून काढला, लॅपटॉप उचलून तसाच आत गेलो, सगळ्या चौकटी माझ्यासोबत आल्या. अप्पा पाटावर बसले होते. कपाळावर विभूती, आणि तिच्यातून घामाचे ओघळ. हात थरथरत होते. समोर तबक, त्यात बेलाची पानं, मधली जागा रिकामी. गळ्यातली करडगी उघडी लोंबत होती. मी अप्पा म्हणालो तर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की हा कोण. सुकन्या पडद्यातून ओरडली, साखर द्या आधी, पाण्यात कालवून द्या, मी १०८ ला लावते. मी स्वयंपाकघरातून साखरेचा डबा आणला, सगळी ओट्यावर सांडली, वाटीत कालवली, त्यांच्या तोंडाशी नेली. त्यांनी ओठ मिटले. डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे अर्धे, तरी ओठ घट्ट. मी बोटानं ओठ उघडायला गेलो तर दात आवळलेले. न्हाई, म्हणाले, लिंगाबिगर न्हाई. आवाज कुठल्यातरी विहिरीतून आल्यासारखा. त्यांना माझं नाव आठवत नव्हतं, पण हे आठवत होतं. खाली राहणारे लोक लग्नाला अहमदपूरला गेले होते, जिना रिकामा. सुकन्या म्हणाली, त्यांना बोलतं ठेवा, झोपू देऊ नका. मला एवढंच समजत होतं की ते लिंग आत्ता सापडलं तर अप्पा तोंड उघडतील, आणि ते कुठं आहे हे या घरात एकाच माणसाला ठाऊक आहे.

ती दारात उभी होती. मी विचारलं, कुठं ठेवलंस. मी पुन्हा विचारलं, विनवून विचारलं, गंगा, अज्जा मरतील गं, कुठंय ते. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, सरळ, आणि मीही बारा दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघत होतो. मग माझा हात वर गेला. मी नेला नाही, तो गेला. लॅपटॉप पाटाशेजारी उघडा होता, सातही चौकटी बघत होत्या, मॅडमचे ओठ हलत होते. एक थप्पड, आणि ती सांगेल, अप्पा वाचतील. एक थप्पड, आणि पोरगी नांदेडला, मला दिसणार नाही. मला ऐकू येत होता फक्त माझा श्वास आणि अप्पांचा. गंगा मागं सरकली नाही. ती पुढं आली, दोन पावलं, आणि गाल वर केला.

“मार ना पप्पा. मग सांगते.”

मी म्हणालो, का गं. म्हणजे मी म्हणालो असेन. ती मला अडाण्याला समजावतात तशी म्हणाली, “मारल्यावर तू जवळ घेतोस की.”

हे खरं होतं. प्रत्येक वेळी. मारून झालं की पाच मिनिटांत मला रडू फुटायचं, मी तिला मांडीवर घ्यायचो, केसांतून हात फिरवायचो, माझ्या हातानं भात भरवायचो, संध्याकाळी गाडीवर पुढं बसवून कुल्फी खायला न्यायचो आणि सगळ्या लातुरात तिच्याशी बोलत फिरायचो. अप्पांनी मला शाळेत छडीनं आणि घरी चपलेनं मारलं, आणि मारून झाल्यावर ते वर्तमानपत्र उघडायचे. मी खांबाला पाठ लावून वाट बघायचो की ते पान उलटताना एकदा बघतील. त्यांनी कधी बघितलं नाही. म्हणून मी ठरवलं होतं, मी माझ्या लेकराला जवळ घेईन. मला वाटायचं की मी त्यांच्यापेक्षा चांगला बाप आहे, आणि त्याचा पुरावा म्हणजे ते मांडीवर घेणं. मार्चपासून मी मारलं नव्हतं. बारा दिवस मी तिला शिवलोही नव्हतो. तिनं पोराच्या हातात पेन्सिल का खुपसली, बूट का टाकला, हे सगळं मला त्या एका वाक्यानंतर सोपं दिसायला लागलं. भीती गेली नाही. ती नुसती पोरीवरून उठून माझ्यावर येऊन बसली.

मी खाली बसलो आणि तिला ओढून मांडीवर घेतलं. लिंग विसरलो म्हणा. साखरेच्या हातानंच घेतलं. ती लाकडासारखी ताठ झाली. तिला हे कळेना. तिनं माझ्या छातीवर दोन्ही हात ठेवून मला ढकललं, माझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधलं, आणि घाबरून, खरोखर घाबरून म्हणाली, आधी मार. असं नाही. आधी मार. मी म्हणालो, नाही मारणार. ती रडायला लागली, किंचाळणं नव्हे, साधं लहान लेकराचं रडणं, आणि रडत रडत म्हणत राहिली, मार, मार ना.

तेवढ्यात तबक वाजलं. अप्पांचा हात तबकावर आपटला होता. ते भिंतीवरून डोकं उचलायचा प्रयत्न करत होते. त्यांचे डोळे गंगावर होते, फार लांबून बघावं तसे. त्यांना किती समजलं मला सांगता येणार नाही. ओठ दोनदा नुसतेच हलले. मग म्हणाले, “आण ती वाटी. पोरीला काही इचारू नको.” आणि त्यांनी तोंड उघडलं. मी एका हातानं गंगाला धरून दुसऱ्या हातानं चमचा लावला. साखरेचं पाणी हनुवटीवरून गळ्यात, उघड्या करडगीत गेलं. ते गिळत होते, प्रत्येक घोटाला डोळे मिटत होते. ऐंशीच्या घरातला माणूस, लहानपणी गळ्यात लिंग बांधल्यापासून पहिल्यांदा पूजेवाचून तोंडात काही घेत होता. मला त्यांच्याकडं बघवेना, आणि मी तोंडही फिरवलं नाही. वाटी संपली. थोड्या वेळानं ते म्हणाले, मन्मथ. मला नाव परत मिळालं. पडद्यावर सुकन्या दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. मॅडमनी बाकीच्यांना कधी काढून टाकलं कुणास ठाऊक, फक्त दोनच चौकटी उरल्या होत्या. खाली ॲम्ब्युलन्सचा आवाज आला, जिन्यात पावलं वाजायला लागली.

सुकन्या म्हणाली, मी दुपारच्या गाडीनं निघते. गंगाला न्यायला की राहायला, हे तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. लिंग कुठं आहे तेही मी विचारलं नाही. गंगा अजून मांडीवर होती. तिचं रडणं थांबलं होतं. तिच्या पाठीवरून फिरवायला मी हात उचलला, आणि तिनं डोळे घट्ट मिटले, मान खांद्यांत ओढली, आणि श्वास रोखून वाट बघत राहिली.